तांबेरा आणि तृणधान्यांची रासायनिक तटबंदी

गव्हाचे पीक पोटरीतून बाहेर पडून ओंब्या दिसू लागल्या म्हणजे शेतकऱ्याच्या मनावरील अर्धे ओझे उतरते. परंतु नेमक्या याच सुमारास एखाद्या सकाळी पानांवर किंवा खोडावर विटकरी रंगाचे बारीक फोड दिसू लागतात. त्यांवरून बोट फिरविले तर गेरूसारखी पूड बोटाला लागते. म्हणूनच या रोगाला आपल्याकडे कोठे तांबेरा, तर कोठे गेरवा असे म्हणतात. उत्तर हिंदुस्थानात त्यालाच रतुआ किंवा गेरुई ही नावे आहेत. हवा दमट व ढगाळ राहिली तर दोनतीन आठवड्यांत सारे शेत तांबूस दिसू लागते, त्यातून फिरून आलेल्या माणसाचे धोतर रंगते, आणि जे दाणे भरावयाचे ते सुरकुतून जातात.

आता दुसरे दृश्य पाहावे. त्याच बांधाच्या पलीकडे दुसऱ्या वाणाचा गहू उभा आहे. वारा तोच, दव तेच, आणि त्याच्या पानांवर पडलेली रोगाची पूडही तीच. तरीही त्या पानांवर काही फिकट ठिपक्यांपलीकडे रोगाची खूण दिसत नाही. एक पीक बुडते व त्याच्या शेजारचे तरते, याचे कारण काय? वनस्पतीला पळून जाता येत नाही; प्राण्यांच्या रक्तात रोगजंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, तशा तिच्याजवळ नाहीत. मग ती स्वतःचे रक्षण करते तरी कशी? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात शास्त्रज्ञांची शंभरांहून अधिक वर्षे गेली आहेत. ते उत्तर बहुतांशी रसायनशास्त्राच्या भाषेत लिहिलेले आहे. त्याचा थोडक्यात परिचय करून देण्याचा या पुस्तिकेचा हेतू आहे.

शत्रूची ओळख

तांबेरा हा अतिशय जुना शत्रू आहे. प्राचीन रोमन लोक दरवर्षी २५ एप्रिल रोजी रोबिगस नावाच्या देवतेचा उत्सव करीत व पिकांवर तांबेरा पडू नये म्हणून तिला कुत्र्याचा बळी देत. आपल्याकडेही नर्मदेच्या खोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या रोगाने गव्हाची दाणादाण उडविली, तेव्हा लोकांनी तो दैवी कोपच मानला. हा कोप नसून एक सूक्ष्म परोपजीवी सजीव आहे, ही गोष्ट इटलीतील फोंताना व तारजोनी-तोझेत्ती या दोघांनी १७६७ साली स्वतंत्रपणे केलेल्या निरीक्षणांतून पुढे आली.

हा सजीव म्हणजे एक कवक, म्हणजेच बुरशीच्या जातीची एक वनस्पतिसदृश सृष्टी होय. गव्हावर या कवकाच्या तीन जाती आढळतात: खोडावर विशेषेकरून दिसणारा काळा तांबेरा, पानांवरील तपकिरी तांबेरा, आणि थंड प्रदेशात पानांवर पट्ट्यापट्ट्यांनी उमटणारा पिवळा तांबेरा. आपल्या देशात हा रोग दरवर्षी कोठून येतो, याचा छडा आग्रा येथील प्राध्यापक करमचंद मेहता यांनी लावला. सुगीनंतर मैदानी प्रदेशात जो उन्हाळा पडतो, त्यात कवकाची बीजुके जिवंत राहू शकत नाहीत. उत्तरेस हिमालयाच्या व दक्षिणेस निलगिरी-पळणीच्या थंड डोंगरांवर मात्र ती तग धरतात आणि तेथून वाऱ्याबरोबर पुन्हा मैदानात उतरतात, असे त्यांनी दाखवून दिले. निलगिरीतील बीजुके बंगालच्या उपसागरात उठणाऱ्या हिवाळी वादळांच्या मार्गाने मध्य भारतापर्यंत येतात, हे १९७० नंतरच्या संशोधनात नागराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पष्ट केले. महाराष्ट्रात महाबळेश्वरसारख्या थंड ठिकाणी गहू गेरवा संशोधन केंद्र आहे, ते याच रोगाच्या अभ्यासासाठी.

बीजुक पानावर पडले आणि रात्रभर दवाचा पातळ थर टिकला, म्हणजे त्याला एक बारीक नळी फुटते. ही नळी पानाच्या शिरांना आडवी वाढत जाते आणि एखादे त्वग्रंध्र, म्हणजे पानाने श्वासोच्छ्वासासाठी उघडे ठेवलेले सूक्ष्म द्वार, सापडले की तेथे थांबते. त्यातून कवक आत शिरते. आतील पेशींच्या मधल्या पोकळ्यांतून त्याचे तंतू पसरतात आणि एकेका पेशीच्या भिंतीला भोक पाडून तंतूचे एक टोक आत जाते. या टोकाला शोषकांग म्हणतात. येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावयास हवी. शोषकांग पेशीची भिंत भेदते, पण तिच्या आतील जिवंत पटल फोडीत नाही. हातमोज्यात बोट घालावे तसे ते पटल आत ढकलून बसते. त्यामुळे पेशी मरत नाही, ती काम करीत राहते, आणि तिने सूर्यप्रकाशात तयार केलेली साखर कवक शोषून घेते.

तांबेऱ्याचे कवक हे असे केवळ जिवंत पेशीवर पोसले जाणारे आहे. निसर्गात मेलेल्या पाल्यापाचोळ्यावर ते वाढत नाही. प्रयोगशाळेतील कृत्रिम पोषणद्रव्यावर गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याची वाढ करणे हेसुद्धा १९६६ सालापर्यंत कोणाला साधले नव्हते; त्या वर्षी ऑस्ट्रेलियातील विल्यम्स, स्कॉट व कूल यांना ते साधले. कवकाचे हे परावलंबन हेच त्याचे मर्मस्थान आहे आणि वनस्पतीने आपला सर्वांत मोठा प्रहार याच मर्मावर केला आहे.

आत्मबलिदानाचा डाव

केंब्रिज येथील प्राध्यापक मार्शल वॉर्ड यांनी पूर्वी सिंहलद्वीपात कॉफीवरील तांबेऱ्याचा अभ्यास केला होता. पुढे ब्रोम नावाच्या गवतावरील तांबेरा ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असता १९०२ साली त्यांच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. रोगाला बळी पडणाऱ्या गवतात कवकाचे तंतू निर्वेध वाढत होते आणि पेशी जिवंत होत्या. उलट रोगाला दाद न देणाऱ्या गवतात कवकाचा स्पर्श होताच पेशी झपाट्याने मरत होत्या, आणि त्यांच्याबरोबर कवकही मरत होते. म्हणजे जी वनस्पती अधिक सोशिक ती रोगी होत होती, आणि जी अधिक हळवी तीच निरोगी राहत होती! अमेरिकेत मिनेसोटा येथे स्टॅकमन यांनी १९१५ साली गव्हातही हेच पाहिले व या गुणाला ‘अतिसंवेदनशीलता’ असे नाव दिले.

प्रथमदर्शनी विपरीत वाटणारी ही गोष्ट वर सांगितलेल्या मर्मस्थानाशी ताडून पाहिली म्हणजे उलगडते. ज्या चोराचे पोट जिवंत पेशीवरच अवलंबून आहे, त्याच्या हाती मेलेली पेशी पडली तर तो उपाशी मरतो. खळ्याभोवती आग लागली असता शेतकरी भोवतालचे गवत स्वतःच कापून टाकतो आणि आगीची वाट तोडतो, तसेच काहीसे हे आहे. पानातील काही थोड्या पेशी मरतात; आपल्याला बाहेरून दिसणारे फिकट ठिपके ते हेच. बाकीचे पान हिरवे राहते आणि दाणा भरत राहतो.

परंतु केवळ उपासमारीने सर्व गोष्टींचा उलगडा होत नाही. मरणारी पेशी मरता मरता काय करते, कोणती द्रव्ये बनविते, आणि मुळात शत्रू आला हे तिला कसे कळते, हे प्रश्न शिल्लक राहतातच.

साठवून ठेवलेले विष

वनस्पतीच्या रासायनिक शस्त्रांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. काही शस्त्रे आधीपासून तयार असतात व शत्रूची वाट पाहत पेशीत पडून राहतात. काही शस्त्रे शत्रू दाराशी आल्यावरच घडविली जातात.

पहिल्या वर्गातील एका महत्त्वाच्या द्रव्यसमूहाचा शोध फिनलंडमध्ये लागला. नोबेल पारितोषिक मिळविलेले रसायनशास्त्रज्ञ विर्तानेन आणि त्यांचे सहकारी यांनी १९५५ च्या सुमारास राय या धान्याच्या कोवळ्या रोपांतून कवकांना मारक असे एक द्रव्य वेगळे काढले. पाठोपाठ गहू व मका यांतही तशाच जातीचे द्रव्य मिळाले. या द्रव्यांच्या समूहाला बेंझोक्झॅझिनॉइडे असे नाव असून गहू व मका यांतील प्रमुख द्रव्य ‘डिम्बोआ’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. ही द्रव्ये स्वतः पेशीलाही घातक आहेत. म्हणून वनस्पती त्यांना साखरेच्या एका रेणूशी जोडून निरुपद्रवी करते व पेशीतील रिक्तिका नावाच्या कोठीत ठेवते. साखरेचे हे बंधन तोडणारे एंझाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, ती दुसऱ्याच ठिकाणी ठेवते. अळीने पान कुरतडले किंवा एखाद्या कवकाने पेशी फोडली म्हणजे दोन्ही कोठ्या फुटतात, एंझाइम व द्रव्य एकत्र येतात आणि विष मोकळे होते. दारू आणि ठिणगी दोन निराळ्या खोल्यांत ठेवावी, तशी ही व्यवस्था आहे.

हे कळल्यावर तांबेऱ्याचे कोडे सुटले असे वाटणे स्वाभाविक होते. कॅनडातील एल-नागी व शॉ यांनी १९६६ साली असे प्रसिद्ध केले की, गव्हाच्या वाणांत या जातीच्या ग्लुकोसाइडाचे प्रमाण व काळ्या तांबेऱ्याला होणारा प्रतिकार यांचा परस्परसंबंध आहे. परंतु शास्त्रात परस्परसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. दोन वाणांत हजार गोष्टींचा फरक असतो. त्यांतील नेमक्या कोणत्या गोष्टीमुळे प्रतिकार आला हे त्यावरून कसे ठरवावे? पुढे संशोधकांनी एका प्रतिकारक जनुकाखेरीज बाकी बहुतेक सर्व बाबतींत सारख्या असणाऱ्या गव्हाच्या जोड्या घेऊन तपासणी केली, तेव्हा त्या जनुकांच्या प्रतिकाराशी ग्लुकोसाइडाच्या प्रमाणाचा मेळ बसेना.

विचार केला तर याचे कारणही दिसून येते. विषाच्या दोन कोठ्या फुटावयास पेशी फुटावी लागते. आणि तांबेरा तर पेशी न फोडता, तिचे पटल अखंड ठेवून आत बसणारा पाहुणा आहे. अळ्या, मावा व पेशी फोडणारी कवके यांच्याविरुद्ध जे शस्त्र उपयोगी पडते, ते या सावध शत्रूपुढे बहुधा म्यानातच राहते. एक आकर्षक कल्पना कसोटीवर उतरली नाही. परंतु प्रतिकाराचे मूळ पेशीत आधीच साठविलेल्या द्रव्यात नसून शत्रू आल्यानंतर घडणाऱ्या घटनांत असावे, हे त्यातून अधिक स्पष्ट झाले.

दाराशी घडविलेली शस्त्रे

शत्रू आल्यानंतर घडणारी पहिली घटना म्हणजे ऑक्सिजनाचा उद्रेक. हल्ल्याच्या जागी पेशी हायड्रोजन पेरॉक्साइडासारखी तीव्र ऑक्सिजनयुक्त द्रव्ये बाहेर टाकते. जखम धुण्यासाठी आपण जे द्रव्य वापरतो तेच हे. ते कवकाला अपाय करते आणि त्याच वेळी पेशीच्या भिंतीतील घटकांना एकमेकांशी घट्ट जोडण्यास मदत करते.

दुसरी घटना म्हणजे भिंतीची डागडुजी. लाकडाला ज्यामुळे कठीणपणा येतो त्या लिग्निन नावाच्या द्रव्याने पेशी आपल्या भिंती भरू लागते. लिग्निनाचा कच्चा माल म्हणजे फेनिलअ‍ॅलानिन हे अमिनो अम्ल. त्याला या मार्गावर वळविणारे एंझाइम कूकॉल व कॉन यांनी १९६१ साली सातूच्या रोपांतून शुद्ध केले, ही गोष्ट तृणधान्यांच्या इतिहासात नमूद करण्याजोगी आहे. हा मार्ग म्हणजे वनस्पतीच्या कारखान्यातील एक मोठा फाटा होय. त्यातूनच लिग्निन, अनेक रंगद्रव्ये आणि कित्येक कवकनाशके तयार होतात.

लिग्निन खरोखरच तांबेऱ्याला अडविते काय? येथेही केवळ परस्परसंबंधावर विसंबून चालणार नव्हते. जर्मनीतील आखेन येथे मोर्शबाखर, राइझेनर व त्यांचे सहकारी यांनी १९९० साली याची सरळ कसोटी घेतली. काळ्या तांबेऱ्याला अतिसंवेदनशील असलेल्या गव्हाच्या पानांत त्यांनी लिग्निन बनविणाऱ्या एंझाइमांना रोखून धरणारी द्रव्ये सोडली. परिणाम असा झाला की, पेशींचे ते त्वरित मरणे कमी झाले व एरवी जागच्या जागी थांबणारे कवक वाढू लागले. शस्त्र काढून घेताच किल्ला पडला. तेव्हा ते शस्त्र खरोखरीच लढत होते, असे म्हणावयास आधार मिळाला. मरणारी पेशी नुसती मरत नाही, तर मरण्यापूर्वी स्वतःभोवती लाकडाची भिंत उभारते व आतील शत्रूला तीत कोंडून घेते, असे चित्र त्यातून उभे राहते.

तिसऱ्या प्रकारची शस्त्रे म्हणजे कवकनाशक द्रव्ये. हल्ल्यानंतरच जन्मास येणाऱ्या अशा द्रव्यांची कल्पना जर्मनीतील म्यूलर व ब्यॉर्गर यांनी १९४० साली बटाट्यावरील प्रयोगांवरून मांडली व त्यांना ‘फायटोअ‍ॅलेक्सिन’ म्हणजे वनस्पतिरक्षक हे ग्रीक नाव दिले. तृणधान्यांपैकी ओटमध्ये याचे चांगले उदाहरण मिळते. जपानमधील मायामा व त्यांचे सहकारी यांना १९८१ च्या सुमारास असे आढळले की, ओटवरील तांबेऱ्याला प्रतिकार करणाऱ्या पानांत ‘अ‍ॅव्हेनालुमिन’ नावाची द्रव्ये जमा होतात आणि ती कवकाच्या वाढीला अटकाव करतात.

आपल्या ज्वारीच्या पानांवर रोगाभोवती दिसणारे तांबडे-जांभळे डाग पुष्कळांनी पाहिले असतील. तेही अशाच एका संरक्षणाचे चिन्ह आहे. १९९० साली अमेरिकेतील स्नायडर व निकोल्सन यांनी दाखविले की, करप्याचे कवक ज्वारीच्या पेशीत शिरू लागताच त्या पेशीत बारीक थेंब तयार होतात, ते शत्रूच्या जागेकडे सरकतात, लाल होतात आणि फुटून आतील कवकनाशक रंगद्रव्य त्याच जागी सोडतात. हा रोग तांबेरा नव्हे. पण गवताच्या कुळातील वनस्पती आपले विष किती नेमक्या जागी वापरते, हे त्यावरून दिसून येते.

याखेरीज पेशी काही एंझाइमेही शस्त्र म्हणून वापरते. कवकाची भिंत मुख्यतः कायटिन व ग्लुकान या द्रव्यांची बनलेली असते. कायटिन म्हणजे खेकड्याच्या व कीटकांच्या कवचातील द्रव्य. ते वनस्पतीत नसते. हल्ला होताच तृणधान्ये कायटिनेझ व ग्लुकानेझ ही एंझाइमे बाहेर टाकतात आणि ती कवकाच्या भिंतीचे तुकडे पाडू लागतात.

शत्रू ओळखावा कसा?

हे तुकडेच वनस्पतीला शत्रूची पहिली वर्दी देतात. कायटिन स्वतःच्या शरीरात नसल्यामुळे त्याचा तुकडा जाणवला की परका आला, हे ठरते. कायटिनाचा हा स्पर्श ओळखणारे प्रथिन जपानी संशोधकांनी २००६ साली भातात शोधून काढले. परंतु तांबेराही काही कमी धूर्त नाही. पानाच्या आत शिरल्यावर तो आपल्या भिंतीच्या पृष्ठभागावरील कायटिनाचे कायटोसान या निराळ्या द्रव्यात रूपांतर करतो, असे २००२ साली दिसून आले. सोंग बदलल्याने वनस्पतीच्या कायटिनेझांना व पहारेकऱ्यांना तो सहजी सापडत नाही. शिवाय शोषकांगातून तो पेशीत स्वतःची अनेक प्रथिने सोडतो व तिचे संरक्षण आतूनच बधिर करतो.

या डावावर तृणधान्यांनी काढलेला तोड म्हणजे दुसरी पहारेकरी फळी. तिचा सुगावा प्रथम आनुवंशिकशास्त्रातून लागला. केंब्रिज येथे बिफेन यांनी १९०५ साली दाखविले की, गव्हाचा पिवळ्या तांबेऱ्याला होणारा प्रतिकार मेंडेलच्या नियमांनुसार पुढच्या पिढ्यांत उतरतो. नंतर अमेरिकेतील फ्लोर यांनी १९४० नंतरच्या दशकांत जवसावरील तांबेऱ्याचा अभ्यास करून असे सिद्ध केले की, वनस्पतीतील प्रत्येक प्रतिकारक जनुकाला कवकात एक जोडीदार जनुक असते; कुलूप व किल्ली यांसारखी ही जोडी जुळली तरच प्रतिकार घडतो.

या कुलूप-किल्लीचे प्रत्यक्ष रासायनिक स्वरूप अलीकडे कळले आहे. एका जुन्या जातीच्या गव्हातून आलेले ‘एसआर ३५’ हे प्रतिकारक जनुक २०१३ साली वेगळे करण्यात आले व त्याचे कवकातील जोडीदार २०१७ साली सापडले. २०२२ साली त्या जनुकाने बनविलेल्या प्रथिनाची प्रत्यक्ष रचना पाहावयास मिळाली. कवकाचे ठराविक प्रथिन पेशीत आले की गव्हाचे हे प्रथिन त्याला पकडते. अशा पाच जोड्या एकत्र येऊन एक कडे बनते. आणि ते कडे कॅल्शियमासारख्या विद्युत्‌भारित कणांना वाट करून देते. कणांचा हा लोंढा म्हणजे पेशीला मिळालेला अखेरचा इशारा. त्यापाठोपाठ पेशी प्राण सोडते. वॉर्ड यांनी १९०२ साली सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या त्या विलक्षण मरणामागची यंत्रणा आज अशी रेणूंच्या पातळीपर्यंत उलगडली आहे.

संरक्षणाची किंमत

इतके असूनही तांबेरा नाहीसा झालेला नाही. पहारेकरी एकच असला तर शत्रूला फक्त आपली एक किल्ली बदलावी लागते. कवकाची बीजुके अगणित आणि त्यांत बदल सतत घडतात. त्यांतील एखादे बीजुक पहाऱ्यातून निसटते आणि त्याच एका वाणाने व्यापलेल्या मैलोन्‌मैल शेतांत त्याला मोकळे रान मिळते. राय या धान्यातून गव्हात आणलेल्या ‘एसआर ३१’ या जनुकावर जगातील कितीतरी वाण विसंबून होते. १९९८ साली युगांडात त्याला न जुमानणारा काळ्या तांबेऱ्याचा वंशप्रकार आढळला व पुढच्या वर्षी त्याची ओळख पटली. म्हणून तो ‘युजी ९९’ या नावाने ओळखला जातो. केनिया, इथिओपिया व येमेन या मार्गाने २००७ सालापर्यंत तो इराणपर्यंत पोहोचल्याचे दिसून आले.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. अमेरिकेत ‘व्हिक्टोरिया’ नावाच्या ओटपासून तांबेऱ्याला दाद न देणारे वाण तयार करण्यात आले व १९४० नंतर ते फार मोठ्या क्षेत्रावर पसरले. थोड्याच वर्षांत एका वेगळ्याच कवकाने नेमके तेच वाण झोपविले. १९४६ साली मीहान व मर्फी यांनी या रोगाचे वर्णन केले. पुढील संशोधनात असे दिसले की, या कवकाचे विष नेमकी तीच यंत्रणा चाळविते, जी तांबेऱ्याच्या वेळी पेशीला आत्मबलिदानाची आज्ञा देते. फरक इतकाच की, नवे कवक मेलेल्या पेशींवर पोसणारे होते. तांबेऱ्यासाठी जे मरण, ते त्याच्यासाठी अन्न! एका शत्रूवर चालविलेली तलवार दुसऱ्या शत्रूने धन्याच्याच गळ्यावर फिरविली.

म्हणून वनस्पतिप्रजननशास्त्रज्ञ आता अशा जनुकांकडेही वळले आहेत, जी पेशी मारीत नाहीत, केवळ रोगाची चाल मंद करतात. ‘एलआर ३४’ हे असे एक जनुक असून ते अर्धशतकाहून अधिक काळ शेतांत टिकून आहे. २००९ साली कळले की, ते पेशीच्या पटलातून द्रव्यांची ने-आण करणारे एक प्रथिन बनविते. पाकिस्तानातील एका देशी गव्हातून मिळालेले ‘एलआर ६७’ हे जनुक साखरेच्या वाहतुकीशी संबंधित प्रथिन बनविते, असे २०१५ साली सिद्ध झाले. तांबेरा ज्या साखरेसाठी पेशीत शिरतो, त्या साखरेच्या व्यवहारातच हा बदल असावा, ही गोष्ट सूचक आहे. हे संरक्षणही फुकटचे नव्हे. एलआर ३४ असलेल्या गव्हाच्या पानांची टोके अकाली सुकतात. पण अशी तीनचार जनुके एका वाणात एकत्र आणली तर रोग इतका मंदावतो की, दाणा भरण्यास पुरेसा अवधी मिळतो.

खपलीचा धडा

या साऱ्या संशोधनात आपल्या एका जुन्या धान्याचे नाव वारंवार येते. महाराष्ट्र व कर्नाटक या भागांत पिढ्यान्‌पिढ्या पिकणारा, कुटून टरफल काढावा लागणारा, खिरीसाठी व पुरणपोळीसाठी नावाजलेला खपली गहू पुष्कळांना परिचित आहे. स्टॅकमन यांनी काळ्या तांबेऱ्याचे निरनिराळे वंशप्रकार ओळखण्यासाठी जे बारा कसोटीचे गहू निवडले होते, त्यांत खपली हे नाव आहे. ‘एसआर १३’ व ‘एसआर १४’ ही प्रतिकारक जनुके गव्हाच्या प्रजननात खपलीपासून आली. त्यांपैकी पहिले जनुक २०१७ साली वेगळे करण्यात आले असून ते युजी ९९ च्या गटातील वंशप्रकारांनाही अडविते. ज्या शेतकऱ्यांनी मुख्यतः चवीसाठी हा गहू सांभाळला, त्यांच्या कणग्यांतून युगांडातील रोगावरचे एक औषध जपले जात होते, हे त्यांपैकी कोणालाच ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

यावरून जो बोध घ्यावयाचा तो स्पष्ट आहे. तृणधान्यांची रासायनिक तटबंदी कोणा एका द्रव्याची किंवा एका जनुकाची नाही. पहारेकरी, इशारा, विष, भिंत व बलिदान अशा अनेक फळ्यांनी ती बनलेली आहे. एकाच फळीवर विसंबणाऱ्या पिकाचा घात होतो, हे व्हिक्टोरिया ओट व युजी ९९ या दोन्ही प्रकरणांनी दाखविले. शेतकऱ्याने आपल्या भागासाठी शिफारस केलेले प्रतिकारक वाण लावावे, सारे क्षेत्र एकाच वाणाखाली आणू नये, पेरणी वेळेवर करावी, म्हणजे रोगाचा जोर होण्यापूर्वी दाणा भरतो. आणि पानांवर गेरूसारखी पूड दिसताच कृषी खात्यास त्वरित कळवावे. तो फोड ओळखीच्या वंशप्रकाराचा आहे की नव्या, हे तज्ज्ञांनी तपासल्याशिवाय कळत नाही. आणि नवा वंशप्रकार जितका लवकर सापडेल, तितका पुढच्या हंगामासाठी दुसरा वाण शोधण्यास अवधी मिळतो. तो वाण घडविण्यासाठी लागणारी जनुके पुष्कळदा जुन्या, कमी उत्पन्नाच्या, बाजारात मागे पडलेल्या धान्यांतच असतात. म्हणून अशा धान्यांचे मूठभर बी जपणे हाही तांबेऱ्याविरुद्धच्या लढाईचाच एक भाग आहे.